भट्टीपाशी निजलेला येसबा

ऐका, पण मध्येमध्ये ‘मग काय झालं’ म्हणू नका. दिवसभर बोलून घसा बसलाय माझा. फार वर्षांपूर्वी, माझा आजाही जन्मला नव्हता तेव्हा, आपल्या खापरवाडीत येसबा मिस्त्री होता.

पलीकडच्या कारखान्यात लोखंडी बादल्या वितळलेल्या जस्तात बुडवायचे. जस्तावर जमलेली राख ते फेकून द्यायचे. ती राख गाव उचलून आणायचं, बाया चाळायच्या आणि येसबा भट्टीत भाजायचा. पांढरा धूर उठायचा, कापडी पिशव्यांत अडकून त्याची भुकटी व्हायची. तोच सफेदा. मलमाला जायचा, रंगाला जायचा. त्याच्यावर गावातल्या चाळीस चुली पेटायच्या. भट्टी रुसली की येसबा भिंतीला कान लावायचा आणि भट्टी त्याला आपलं दुखणं सांगायची, असं म्हणतात.

एका साली सफेदा काळपट निघू लागला. भट्टी फुत्कारायची, ठिणग्या अंगावर यायच्या. भट्टीचा मालक होता शेठ, तो म्हणाला, “पुढचा घाणा असाच निघाला तर भट्टी बंद.” बंद म्हणजे गाव उठलंच की हो!

येसबा तीन दिवस भिंतीला कान लावून बसला. मग त्यानं कपाळावर हात मारून घेतला. राख डोळ्यांत जाऊन बाया हैराण व्हायच्या, म्हणून त्यानंच तिच्यावर पाणी शिंपडायला सांगितलं होतं. तीच ओली राख भट्टीत जात होती.

“चुकलो गं, बायजाक्का,” तो चाळणाऱ्या बायांच्या म्होरकीला म्हणाला.

“मग सोडतो आम्ही शिंपडणं. डोळे गेले तर गेले.”

“नाही. तुम्ही शिंपडा. वाळवायचं मी बघतो.”

आणि तो एकटा भट्टीच्या तापल्या पाठीवर राख पसरून उलथीपालथी करत राहिला. सात दिवस, पाठ न टेकता. सूर्य दमून मावळायचा, येसबा दमायचा नाही, असं म्हणतात. खोटं आहे ते. दमला होता बिचारा, फार दमला होता.

आठव्या दुपारी असा धूर उठला की गावावर ढगच उतरला! घाणा पांढराशुभ्र. सगळे सांगायला धावले, तर येसबा भिंतीला टेकून निजलेला. शेठ हाक मारणार तोच बायजाक्का गरजली, “खबरदार उठवाल तर!”

संध्याकाळी बघतात तो तिथं माणूस नाही. माणसाएवढा सफेद्याचा ढीग.

आजही त्या भिंतीशी कुणी दमून टेकला, तर त्याला उठवत नाहीत. खुद्द मालक आला तरी हाक न मारता बाजूला उभा राहतो. आणि निजलेल्याच्या वाटची राख दुसरा कुणीतरी मुकाट्यानं उलथतो.