आबांच्या फेट्याखालचे कान

"माझी पाठ उभ्या जन्मात मातीला लागली नाही!" येसबा पैलवान यात्रेच्या भोंग्यावरून गरजले आणि मनातच पुटपुटले, 'लागणार कशी? निकाल आधी ठरवूनच लढलो की मी!' ही लाज त्यांनी कधी कुणाला दाखवली नाही. कानांवरून खाली ओढलेला फेटाही कधी चारचौघांत काढला नाही.

कुस्त्यांच्या जोड्या लावायचा मान त्यांचाच. तेजल लांडगे पुढं आली. "आबा, मलाही जोड द्या. आज लढले नाही, तर घरचे माझी तालीम बंद करणार."

माणसं बघतायत म्हटल्यावर आबांना चेव आला. "पोरी, पैलवान म्हणवतेस, तर अंगावर एखादी खूण दाखव की!"

तेजलनं केस मागं सारले. दोन्ही कान चेंगरून गाठी झालेले. डोक्याला डोकं घासून खरी झोंबी घेणाऱ्याचेच कान असे मोडतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. टाळ्या पडल्या. आबांचा हात आपसूक फेट्याकडं गेला. आतले दोन्ही कान तान्ह्या बाळासारखे कोवळे होते.

"कान मोडले म्हणजे कुस्ती येते असं नाही," ते कसंबसं म्हणाले.

"बरोबर आहे, आबा. फक्त फेटा काढून सांगा की!"