साहेबांचा डबा

तपासणीला आलेले डोईफोडेसाहेब अंगणवाडीत शिरले तेच कपाळाला आठ्या घालून. "भिंतीवर अन्नगटांचा तक्ता नाही! मग पोरं काय डोंबल शिकणार?"

सेविका यमुनाताईंनी जमिनीवरच्या तीन ताटल्या दाखवल्या. एक जोर देणाऱ्या, दुसरी अंग वाढवणाऱ्या, तिसरी आजार पळवणाऱ्या अन्नाची. भाकरी, डाळी, पालेभाज्या मुलं रोज त्यांत लावत.

"रोजचं तेच ते! ही नुसती पोपटपंची," म्हणत साहेबांनी वाईट शेरा लिहायला पेन काढलं.

ताई हसून म्हणाल्या, "मग साहेब, आज तुमचाच डबा लावू द्या."

साहेबांनी ऐटीत डबा उघडला. चार वर्षांची ईश्वरी पुढे झाली. पुऱ्या तिने जोराच्या ताटलीत ठेवल्या, जिलबी तिथेच, बटाटाही तिथेच.

"चुकली! बटाटा भाजी आहे," साहेब गरजले.

"बटाटा भाताचा भाऊ असतो," ईश्वरी म्हणाली. मग उरलेल्या दोन रिकाम्या ताटल्या पाहून तिला साहेबांची कीव आली, आणि तिने आपली मटकीची वाटी त्यांच्यापुढे सरकवली.

साहेबांचं पेन हवेतच राहिलं. "आता शेरा काय लिहू?"

"खरं तेच लिहा, साहेब," यमुनाताई म्हणाल्या. "मुलं पास, डबा नापास."