शेजाऱ्याहून जड गोळी

एकदा एका पेठेत दोन कापडव्यापारी भिंतीला भिंत लावून राहत होते. एक गुणाजी, दुसरा विरूपाक्षशेट. गुणाजी माणूस कष्टाळू, व्यवहाराला चोख, देवाधर्मातही मागे नाही. पण विरूपाक्षशेटाचं काही चांगलं झालं की याच्या पोटात दुखायला लागे. शेटाच्या दुकानात गर्दी दिसली की याला घास उतरत नसे. शेटानं ओसरीला रंग दिला, तर हा चार दिवस मागच्या दारानं ये-जा करी. आता या दुखण्याला कुठला वैद्य औषध देणार?

त्या वर्षी पेठेत चोऱ्या वाढल्या होत्या. खंडेनवमी आली. घरोघरी शस्त्रं पूजेला मांडली गेली. विरूपाक्षशेटानं ओसरीवर, पाटावर नवीकोरी ठासणीची बंदूक मांडली. दस्त्यावर चांदीची वेलबुट्टी, वर झेंडूचा हार. येणारा-जाणारा थांबून "वा, काय देखणी वस्तू!" म्हणे. गुणाजीच्या पाटावर वडिलांची जुनी तलवार होती. तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. त्याचा असा जळफळाट झाला की आरती अर्धी टाकून तो थेट बंदूकवाल्याकडे गेला.

"विरूपाक्षाच्या बंदुकीहून मोठी बंदूक दे, आणि त्याच्या गोळीहून जड गोळी!" तो भर दुकानात ओरडला.

बंदूकवाला म्हणाला, "शेट, घरात ठेवायची तर बारीक छर्रे न्या. तुमच्या दोन घरांमधली भिंत कुडाची. घरातल्या घरात चोराला छर्रे पुष्कळ झाले."

"छर्रे चिमण्यांना मार! मला शिशाची सबंध गोळी हवी."

दुकानातल्या गिऱ्हाइकांनी एकमेकांकडे पाहिलं. विरूपाक्षाचं नाव सगळ्यांनी ऐकलं होतं.

गुणाजी लहानपणापासून एका वृद्ध शास्त्रीबुवांचा शिष्य होता. बुवांनी हयातभर न्यायासनावर बसून निवाडे केलेले. त्यांच्यापुढे त्यानं मोठ्या मिजाशीत बंदूक ठेवली. बुवांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. गोळी तेवढी तळहातावर घेतली.

"ही कशासाठी रे?"

"घरदाराच्या रक्षणासाठी, बुवा."

"बरं. चल, तुझं घर दाखव."

घरी आल्यावर बुवांनी जे आरंभलं ते पाहून गुणाजी चक्रावला. बुवा आधी शेजारी गेले, विरूपाक्षशेटाशी हलक्या आवाजात काही बोलले आणि त्याच्या घरातली सगळी माणसं रस्त्यावर आणून उभी केली. "वस्तू जिथल्या तिथे राहू द्या," एवढंच म्हणाले. मग गुणाजीच्या घरात येऊन मधल्या भिंतीपुढे चौरंगावर एक भोपळा ठेवला.

"हा चोर समज. मार."

बार उडाला. भोपळ्याच्या चिंधड्या झाल्या. गुणाजीची छाती फुगली.

"मेला, बुवा!"

"मेला खरा. आता गोळी घेऊन ये."

गोळी कुठली? भिंतीला भोक पडलं होतं. बुवांनी शिष्याला पलीकडे नेलं. तिथे भिंतीलगत विरूपाक्षशेटाच्या तान्ह्या मुलाचा पाळणा टांगलेला होता. पाळण्याची फळी फोडून, आतलं दुपटं फाडून गोळी समोरच्या खांबात रुतली होती.

"आता मी न्यायासनावर आहे असं समज," बुवा म्हणाले. "चोर जिवावर उठला, तू बार काढलास. तेवढा तुझा हक्क न्याय मानील. पण गोळी जिथे जाऊन थांबते, तिथपर्यंत ती तुझीच असते. तेव्हा मी विचारणार, छर्रे पुरेसे आहेत असं बंदूकवाल्यानं सांगितलं असेलच, तरी ही गोळी का भरलीस? मग साक्षीदार उभे राहतील. ते काय सांगतील?"

गुणाजी म्हणाला, "विरूपाक्षाहून जड गोळी हवी, असं म्हणालो होतो."

"म्हणजे चोराचं नाव नाही घेतलंस. ज्याचं लेकरू गेलं असतं, त्याचं घेतलंस. तू शपथेवर सांगशील, हा अपघात होता, माझ्या मनात त्याचं वाईट नव्हतं. न्यायाधीशाला ते पटणं कठीण. पण न्यायाधीशाचं राहू दे. तुला स्वतःला तरी पटलं असतं का, गुणाजी?"

"हो" म्हणायला असा कितीसा वेळ लागतो! गुणाजीनं दोनदा तोंड उघडलं, पण तो शब्द काही बाहेर येईना. आपल्या मनात काय होतं याची त्यालाच भीती वाटली.

इतक्यात विरूपाक्षशेट मुलाला कडेवर घेऊन आत आला. त्यानं भिंतीच्या भोकात बोट घालून पाहिलं.

"अबब! गुणाजीशेट, काय जबरदस्त गोळी हो तुमची! उभ्या पेठेत अशी कुणाकडे नसेल."

हेच शब्द ऐकायला तर गुणाजीनं सगळा उपद्व्याप केला होता. आता ते ऐकवेनात.

"तुम्ही... तुम्ही काय भरता बंदुकीत?" त्यानं कसंबसं विचारलं.

"आम्ही? बारीक छर्रे. भिंतीपलीकडे तुम्ही निजता ना!"

गुणाजी डोळे पुसत म्हणाला, "शेट, बाळाला जरा माझ्या मांडीवर द्या."