धृतिमान राजाची चिता

एका राज्यात एक राजा मेला आणि जळेना.

चंदन रचले, तूप ओतले, पुरोहितांनी घसे कोरडे केले. अग्नी चितेपाशी यायचा, राजाच्या पायांचा वास घ्यायचा आणि माघारी फिरायचा. शेवटी तो जो रुसला, तो पुरताच रुसला. राज्यातली चूल न् चूल विझली. लोहाराचा भाता नुसताच वारा घालू लागला. आगपेटी तेव्हा निघालेली नव्हती. निघाली असती तरी त्या राज्यात ओलीच निघाली असती. लोक भिजवलेले तांदूळ चावू लागले. बाळंतिणींना गरम पाणी मिळेना, आणि तान्ही पोरे गारठ्याने निळी पडू लागली.

राजाचे नाव धृतिमान. वाईट राजा असता तर गोष्ट सोपी होती. वाईट राजे वाळल्या गवतासारखे पेटतात. हा चांगला होता. त्याने वेठबिगार बंद केली, तळी सगळ्यांना खुली केली, मुलींना पाठशाळेत बसवले, फाशी मोडून टाकली. पोरे पळवणाऱ्या मांत्रिकांना त्याने वेशीबाहेर काढले. लेकीलाही गादी मिळावी असा कायदा केला. त्याला लेकच एकुलती एक होती म्हणून केला, असे कुणी म्हणेल; मी म्हणत नाही.

त्या लेकीचे नाव सुवेला. ती चितेपाशी बसली होती, ती उठेना. प्रधान हरिषेण येऊन म्हणाला, "ताईसाहेब, आत चला."

"आबासाहेब उघड्यावर आहेत," ती म्हणाली. "मी आत कशी येऊ?"

एवढ्यात एक भारद्वाज चितेच्या लाकडावर येऊन बसला. त्या राज्यात पक्षी बोलत. त्यात काही नवल नव्हते. नवल हे, की ऐकण्याजोगे फारच थोडे बोलत.

"माझं दर्शन झालं की लोकांची कामं होतात म्हणे," भारद्वाज म्हणाला. "माझं स्वतःचं आजवर एकही झालेलं नाही. ते असो. पोरी, उणं कुणी बोललं का?"

"ती चाल आबासाहेबांनी मोडली."

चाल अशी होती. अग्नी देण्याआधी कुणीतरी पुढे यायचे आणि मेलेल्याचे एक उणे, एक चूक, मोठ्याने सांगायची. जवळच्या नातलगाने म्हणायचे, "होय, होतं." मग अग्नी द्यायचा. पण धृतिमानाच्या तरुणपणी गावोगावचे सावकार प्रेतासमोर उभे राहून वाटेल ते उणे बोलत, आणि विधवांना मान खाली घालून होय म्हणावे लागे. राजाने हे एकदा डोळ्यांनी पाहिले. घरी येऊन तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने चालच बंद केली. लोकांना हुकूम कळला; अग्नीला कळवायचे मात्र राहून गेले.

"मग इतकी वर्षं बाकीची माणसं कशी जळली?" प्रधानाने विचारले.

"कुजबुजीवर. दर मयतीला मागच्या बाजूला कुणीतरी पुटपुटतंच, तसा चिक्कू होता हो. अग्नीला तेवढं पुरतं. तुमच्या राजाला पोचवायला अवघी नगरी आली, आणि एकानंही तोंड वाकडं केलं नाही. कुणी मायेनं गप्प, कुणी भीतीनं गप्प, आणि तुम्ही प्रधानजी, सवयीनं."

प्रधान सवयीने गप्प बसला.

"आता ऐक, पोरी. साध्या माणसाला एक उणं पुरतं, राजाला तीन लागतात. वैऱ्याचं चालत नाही; वैरी काय, काहीही बोलेल. राजानं ज्याचं भलं केलं, त्याच्याच तोंडून आलं पाहिजे. आणि तू होय म्हणायचंस. नुसतं ओठांनी म्हटलेलं अग्नीला कळतं."

"आबासाहेबांत उणं नव्हतं."

"मग बसा तांदूळ चावत," भारद्वाज म्हणाला आणि चोचीने पंख साफ करू लागला.

सुवेला उठली.

डोंगरापल्याड कोंडाई राहत होती. तिची आई किल्ल्याचे दगड वाहता वाहता वेठीवर मेली होती. धृतिमानाने कोंडाईच्या पायातली कडी स्वतः काढली आणि तिला शेत दिले. सुवेला पोचली तेव्हा कोंडाई राजाच्या नावाने ओसरीवर फुले वाहत होती.

"देवमाणसाचं वाईट बोलू?" ती म्हणाली. "जीभ झडेल माझी, बाय."

"नाही बोललात तर ते तसेच पडून राहतील."

कोंडाईने पदराने तोंड पुसले. "आणि तू ऐकशील? मध्ये बोलणार नाहीस?"

"नाही बोलणार."

"माझी लेक सहा वर्षांची होती. महाराज म्हणाले, हिला राजधानीच्या पाठशाळेत नेतो. मी म्हटलं, महाराज, एक शाळा हितंच बांधा की. ते म्हणाले, कोंडाई, इथे राहून तिचं काय होणार आहे? पालखी पाठवली हो, बिगाऱ्याच्या पोरीला पालखी. मोठी होऊन परत आली. शहाणी, गोड बोलणारी. मी आंबील पुढं केली, तर म्हणाली, आभारी आहे, बाई."

"पण ती वैद्य झाली," सुवेला म्हणाली. "साथीत तिनं किती जीव…"

"बोललीसच मध्ये."

सुवेलेने मान खाली घातली.

"झाली ना वैद्य. माझाच जीव वाचवला तिनं. तेही सांगणार आहे, हेही सांगणार आहे. एक सांगून दुसरं गिळू, असं काही जमायचं नाही मला."

कोंडाईने काठी घेतली आणि ती राजधानीच्या वाटेला लागली. एक झाले.

दुसऱ्यासाठी भारद्वाजाने सुवेलेला मोठ्या सरोवरावर नेले. हे सरोवर धृतिमानाचा अभिमान. पूर्वेचा मुलूख पिढ्यान् पिढ्या तहानलेला होता. राजाने नदी अडवली आणि तिथे ऊस डोलू लागला. नदी कशी अडवली, हे कुणी विचारले नाही. बांधाच्या पोटात एक कोठडी होती. कोठडीत साखळीने बांधलेला झंझाळ मांत्रिक होता, आणि त्याच्या दोन्ही मुठींत नदी होती. दोर धरावा तशी त्याने ती धरली होती.

"यावं, राजकन्ये," तो म्हणाला. "हात मोकळा नाही, म्हणून नमस्कार करत नाही."

"मांत्रिक तर सगळे हद्दपार झाले होते."

"एक ठेवला होता. उपयोगी होता म्हणून."

"आबासाहेबांनी तुला फासावरून सोडवलं."

"सोडवलं. पुढच्यांचे गळेही वाचवले. त्यांचा मी ऋणी आहे, आणि थट्टा करत नाही. फास गळ्यात घालून पाहिला की माणूस थट्टा करत नाही." त्याने मनगट हलवले, तशी बाहेर लाट उठली. "मग ते इथे आले. नदी धर म्हणाले. मी म्हटलं, महाराज, हिरव्या खोऱ्यात गावं आहेत. मी गावांची नावं घेऊ लागलो. ते म्हणाले, नावं सांगू नकोस, आकडा सांग. मी आकडा सांगितला. त्यांनी तो पूर्वेच्या तहानलेल्या गावांच्या आकड्याशी ताडून पाहिला. लहान होता."

सुवेलेने त्याच्या मिटल्या मुठींकडे पाहिले. मग म्हणाली, "नदी सोडता येईल?"

"मूठ उघडायची, एवढंच काम. उघडू?"

तिने झरोक्यातून पाहिले. एका बाजूला पाण्याबाहेर देवळाचा एक कळस आला होता आणि त्यावर पाणकावळा पंख वाळवत बसला होता. खोऱ्यातल्या लोकांना राजाने दगडी घरे बांधून दिली होती, काठापासून लांब, पाणी दिसणार नाही अशा बेताने. दुसऱ्या बाजूला पूर्वेची शेते होती, आणि पाटात म्हशी डुंबत होत्या.

"नको," ती म्हणाली.

"तेही हेच म्हणाले असते," झंझाळ म्हणाला. टोमणा मारला असता तर तिला बरे वाटले असते. पण तो सरळच बोलला होता.

साखळीमुळे त्याला चितेपाशी येता येईना. म्हणून त्याने आपले उणे एका मडक्यात बोलून ठेवले. सुवेलेने मडक्याच्या तोंडाला फडके बांधले. वाटेत ते आतल्या आत बडबडत होते. ज्वारी पाखडल्यासारखा आवाज येत होता.

चितेभोवती नगरी पुन्हा जमली. कोंडाई पुढे झाली आणि तिने सगळे सांगितले, पालखीपासून आंबिलीपर्यंत. सुवेला म्हणाली, "होय, होतं." तळचे लाकूड जरासे उबदार झाले. मग मडक्याचे फडके सोडले. नावं सांगू नकोस, आकडा सांग, हे शब्द गर्दीच्या टोकापर्यंत ऐकू गेले. गर्दीत हिरव्या खोऱ्यातली माणसे होती. ती एकमेकांकडे पाहत राहिली. सुवेलेला या वेळी होय म्हणायला वेळ लागला. पण म्हटले, तेव्हा धूर निघाला. धूर पाहूनच बाया रडू लागल्या.

तिसरे उणे कुठून येईना. प्रधान पुढे झाला आणि म्हणाला, "महाराज फार उशिरापर्यंत जागत, प्रकृतीकडे त्यांचं लक्ष नसे." धूर कमी झाला.

"खाली बसा," भारद्वाज म्हणाला. "पोरी, राजानं सगळ्यांत जास्त कुणाला दिलं?"

सुवेलेला कळले. तिला ते आधीच कळले होते. म्हणून तर ती डोंगर ओलांडत हिंडली होती.

ती चितेच्या उशाशी गेली. गर्दीला नव्हे, बापालाच सांगावे तसे बोलली.

"आबासाहेब, तुम्ही मला सभेत बसवलंत. बाईमाणूस सभेत बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. तुम्ही म्हणायचात, सुवेला, मनात येईल ते बोल, इथं तुला कुणी अडवणार नाही. हिरव्या खोऱ्याचा विषय निघाला त्या दिवशी मी म्हणाले, थांबा. तुम्ही हसलात. माझ्या डोक्यावर हात ठेवलात, आणि पुढचा विषय घेतलात." तिने चितेच्या लाकडावर हात टेकला. "तुम्ही रागावला असतात तर मी भांडले असते. तुम्ही इतक्या मायेनं हात ठेवलात, की मी खाली बसले."

आता होय म्हणायचे कुणी? नातलगाने म्हणायचे, तर नातलग स्वतःच बोलणारी होती. प्रधानाने जमिनीकडे पाहिले. पुरोहित पोथी चाळू लागले. पोथीत याची सोय नव्हती.

मेलेल्या राजाचे ओठ हलले.

"होय," धृतिमान म्हणाला. "होतं."

आणि चिता पेटली.

ज्वाळा वर गेल्या, तशी लोकांची तोंडे उघडली. कुणी म्हणाले, माझ्या बहिणीला त्यांनी लिहायला शिकवले. कुणी म्हणाले, माझे गाव बुडवले. कुणी दोन्ही म्हणाले, एका दमात. हिरव्या खोऱ्यातला एक म्हातारा गावांची नावे घेत राहिला, आणि कोणी त्याला थांबवले नाही. प्रत्येक बोलण्याला सुवेला होय म्हणत होती, घसा बसेपर्यंत.

राज्याची घडी पुन्हा बसली. सुवेला गादीवर आली. उणे बोलण्याची चाल तिने परत आणली. सावकारांपुरती मात्र बापाची बंदी तशीच ठेवली. राजाचे उणे त्याच्या जिवंतपणी, त्याच्या तोंडावर सांगायचे, असा नवा नेमही तिने घातला. झंझाळाची साखळी तोडली. नदी मात्र त्याने आपखुशीने धरून ठेवली, कारण सोडा असे सांगायला कुणाची जीभ रेटेना. बुडालेली गावे बुडालेलीच राहिली.

चिता पेटली त्या संध्याकाळी घराघरांतून धूर निघाला. तान्ह्या पोरांना ऊन पाण्याने न्हाऊ घातले. राजवाड्यातही चूल पेटली, आणि आचाऱ्याने सुवेलेपुढे वाफाळता भात आणून ठेवला.

"जेवून घ्या, ताईसाहेब," तो म्हणाला. "निवेल."

तिने घास उचलला आणि खाली ठेवला. ऐकून घेऊन 'होय, होतं' म्हणणारा माणूस याच घरात, रोज तिच्या समोरच्या पाटावर जेवत होता. त्याच्याशी भांडावे असे आता तिच्यापाशी कितीतरी होते, आणि पाट रिकामा होता.

चुली पेटल्या, भाकऱ्या भाजल्या, ज्याची त्याची राख ज्याच्या त्याच्या पाण्यात गेली. गोष्ट सांगणाऱ्याचे सांगून झाले. ऐकणाऱ्यांपैकी कुणाला काही उणे बोलायचे असेल, तर मी अजून जिवंत आहे.