हत्तीच्या घंटेची साक्ष

फार पूर्वी चंपा नगरीत अरिंदम राजाचा अंमल असताना बोधिसत्त्वाने काशाच्या घंटा ओतणाऱ्या घराण्यात जन्म घेतला. त्याचे नाव नंदिय. त्याचे वडील आणि काका सुतन यांचे जुने वैर होते. त्यापायी एका भट्टीच्या दोन भट्ट्या झाल्या आणि गिऱ्हाइकेही वाटली गेली. ‘सुतन काशात शिसे मिसळतो,’ हे नंदिय लहानपणापासून ऐकत आला होता. वडील वारले, तरी घरात हेच बोलले जाई.

एकदा मिरवणुकीत राजहत्तीच्या गळ्यातली घंटा फुटली. हत्ती बिथरला आणि माहुताचा पाय मोडला. घंटा सुतनाने ओतलेली होती.

कोणावर तरी ठपका ठेवायला उतावीळ झालेल्या अमात्याने नंदियाला बोलावले. “तुझा काका शिसे मिसळतो, एवढे सभेत सांग. तो हद्दपार होईल. राजवाड्याचे सगळे काम तुझे.”

नंदिय गोंधळून घरी आला. “आई, काकांना शिसे मिसळताना कोणी पाहिले?”

“तुझे बाबा सांगायचे.”

“त्यांनी पाहिले होते?”

“कधी विचारले नाही रे.”

मग तो आयुष्यात पहिल्यांदा काकाच्या दारात गेला. “काका, तुम्ही शिसे मिसळता का?”

“मी?” सुतन भडकला. “मिसळायचा तो तुझा बाप! म्हणून तर मी वेगळा झालो.”

“तुम्ही पाहिलेत?”

“सगळे तसेच म्हणायचे,” म्हणत सुतन भट्टीकडे वळला. नंदिय आला होता त्याहून अधिक गोंधळून परतला. खरे काय, ते त्याला काही केल्या कळेना.

सभेत तो म्हणाला, “महाराज, मला माहीत नाही. ऐकले पुष्कळ, पाहिले काहीच नाही. परगावच्या पारख्याकडून घंटेचे तुकडे तपासून घ्यावेत.”

अमात्य संतापला, पण राजाने ऐकले. कासे चोख निघाले. घंटा कधीतरी आपटून तिला चीर गेली होती. सुतन सुटला. राजवाड्याचे काम पूर्वीसारखेच दोन्ही भट्ट्यांत वाटलेले राहिले.

बाहेर सुतनाने पुतण्याला गाठले. “तुझा बापही चोखच असेल का रे?”

“माहीत नाही, काका.”

दोघे एकाच वाटेने घराकडे निघाले.

भिक्षूंना ही पूर्वजन्मीची कथा सांगून संपवल्यावर शास्ता, त्यांचे गुरू, म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा सुतन म्हणजे ऐकीव गोष्टीवरून सोबत्याशी अबोला धरलेला, इथे समोर बसलेला हा वृद्ध भिक्षू. आई म्हणजे त्याला रोज भिक्षा वाढणारी उपासिका. आणि नंदिय मीच होतो.”

न पाहिलेले पाहिले असे न म्हणणे, ही त्या जन्मीची सत्यपारमिता, म्हणजे सत्यपालनाची पूर्णता.