फोटो जुळला पाहिजे

नदीकाठच्या एका गावात एक भोळे वडील राहत होते. नाव सोपानराव गवारे, पण सगळे त्यांना आबा म्हणत. सांगितलं तेवढं करायचं, हा त्यांचा एकच गुण होता आणि तो घराला पुरून उरला होता.

येत्या रविवारी जगदाळ्यांचा मुलगा आबांच्या केतकीला बघायला येणार होता. केतकीने त्याला मावशीच्या घरी एकदा पाहिलं होतं आणि तो तिला आवडला होता. तसं ती बोलली नव्हती. पण पोळ्या लाटताना ती गाणं म्हणायला लागली होती आणि पोळ्या करपत होत्या.

आबांना पेपर मोठ्याने वाचायची सवय होती. हल्ली रोज तीच बातमी असे. कुणीतरी फोनवरचा नंबर सांगितला आणि खातं रिकामं झालं. केतकी म्हणाली, "आबा, मोबाईलवर आलेला नंबर कुणाला सांगायचा नाही. देव आला तरी नाही."

आबांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी गॅसवाला सिलिंडर घेऊन आला. तो म्हणाला, "आबा, मोबाईलवर नंबर आला असेल, तो सांगा."

"नाही."

"अहो, मी नेहमीचा गॅसवाला."

"देवालासुद्धा सांगायचा नाही म्हणालीय केतकी. तू तर गॅसवाला."

सिलिंडर परत गेला. आबांची बायको सुलभाबाई कपाळाला हात लावून बसल्या. रविवारी पोहे काय उन्हात परतायचे, असं त्यांनी विचारलं. आबांनी ऊन किती वाजता येतं ते सांगितलं. तेव्हा सुलभाबाई म्हणाल्या, "आता दारात माणूस आला, की आधी नंबर सांगायचा. मग दुसरं बोलायचं."

आबांनी मान डोलावली.

सकाळी शेजारच्या शेवंताबाई विरजण मागायला आल्या. आबा म्हणाले, "चार सात दोन नऊ." शेवंताबाई रिकामी वाटी घेऊन निघून गेल्या. गवाऱ्यांकडे आता विरजणालाही नंबर लागतो, असं दुपारपर्यंत गल्लीभर झालं. त्याच दिवशी गॅसवाला पुन्हा आला. त्याने तोंड उघडायच्या आत आबांनी त्यालाही नंबर सांगितला. सिलिंडर तेवढा घरात आला.

केतकीने मग आबांना समोर बसवून नीट समजावलं. दारात कुणीही आलं, की आधी ओळखपत्र मागायचं. फोटो आणि चेहरा जुळला तरच आत घ्यायचं. नाही जुळला, तर सरळ वाटेला लावायचं.

आबांनी मान डोलावली.

संध्याकाळी सुलभाबाई गिरणीतून दळण घेऊन आल्या. तोंडावर पीठ उडालेलं, डोक्यावर डबा. आबांनी दारातच त्यांच्याकडे कार्ड मागितलं.

"कार्ड कपाटात आहे. सरका बाजूला."

"आत जायला कार्ड लागतं," आबा म्हणाले.

"अहो, पण कार्डच आत आहे ना."

आबांना बायकोची अडचण पटली. त्यांनी तिला पायरीवर बसायला पाट आणून दिला.

केतकी आली तेव्हा कुठे सुलभाबाई आत गेल्या. घरच्या माणसाला कार्ड विचारायचं नाही, बाहेरच्यालाच विचारायचं, असं दोघींनी आबांकडून तीनदा वदवून घेतलं.

रविवार उजाडला. मायलेकी स्वयंपाकघरात होत्या. सुलभाबाईंनी आबांना बजावलं होतं, की पाहुण्यांना आत बसवा, पाणी द्या, नारळ द्या. मुलगी राजी आहे, तेव्हा आपला होकार सांगून मोकळे व्हा.

जगदाळे आले. मुलगा, आई, वडील. तिघेही बाहेरचे. आबांनी नमस्कार केला आणि कार्डं मागितली.

जगदाळ्यांना वाटलं, गंमत करतायत. हसत हसत मुलाने आधारकार्ड दिलं. समोरचा मुलगा देखणा होता. कार्डावरच्या माणसाचे डोळे अर्धे मिटलेले आणि मान वाकडी होती.

"हे तुम्ही नाही," आबा म्हणाले.

"मीच आहे. फोटो तेवढा तसा आलाय."

आबांनी वडिलांचं कार्ड पाहिलं. ते आणखी वाईट होतं. आईच्या कार्डावर नुसता काळा डाग होता आणि त्याला कुंकू होतं.

"तिघांपैकी एकही जण तुम्ही नाही," आबा शांतपणे म्हणाले. "या आता."

आपलंच घर चुकलं असेल, असं समजून जगदाळे पुढच्या गल्लीत चौकशीला गेले.

तेवढ्यात पाणी शुद्ध करायची मशिनं विकणारा एक माणूस आला. गळ्यात कंपनीचं कार्ड. आबांनी फोटो पाहिला, चेहरा पाहिला. नाक तेच. भांग तोच. हसूसुद्धा तेच.

आबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी त्याला आत बसवलं, पाणी दिलं, हातात नारळ ठेवला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. मुलगी शिकलेली आहे, स्वभावाने गरीब आहे, तिला पसंत आहे आणि आमचाही होकार आहे.

सुलभाबाई पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आल्या. मागून केतकी चहा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"फोटो तंतोतंत जुळला," आबा म्हणाले. "होकार देऊन टाकलाय."

तो माणूस नारळ सांभाळत उभा राहिला. दिवसभर दारोदार फिरून त्याला इतक्या मानाने कुणी बसवलं नव्हतं. आबांचं मन मोडायचं त्याच्या जिवावर आलं.

"काका, स्थळ चांगलं आहे," तो म्हणाला. "पण घरी बायकोला विचारून कळवतो."