रामराम आणि मळणीयंत्र

त्या सकाळी गोदाकाठी धुकं असं दाटलं होतं, की गाडीत बसल्यावर आपल्याच बैलांची शिंगं दिसत नव्हती. विलायतेला परत निघालेल्या साहेबाच्या बंगल्यापुढं लिलाव मांडला होता. पलंग होते, आरसे होते, खुर्च्या होत्या आणि मधोमध हत्तीएवढं वाफेचं मळणीयंत्र. गेनूबाबा आले होते नातीसाठी पाळणा घ्यायला. यंत्राची बोली चालली असताना धुक्यातनं शेजारच्या हरिबाची हाक आली. धुक्यात त्याला कळावं म्हणून बाबांनी हात चांगला उंच करून रामराम घातला, आणि ठाणकन हातोडा वाजला.

"यंत्र तुमचं!" लिलाव पुकारणारे अप्पासाहेब गरजले.

"अहो, मी रामराम केला!"

"इथं हात वर गेला की बोली. शेवटचा हात ज्याचा, माल त्याचा. पैसे नसतील तर बैलजोडी सोडून जा."

बैलांचं नाव निघताच बाबा पुढं सरले. त्यांनी अप्पासाहेबांच्या हातातला हातोडा नीट निरखला. मग सावकाश म्हणाले, "हात कुणाचाही चालतो?"

"अगदी कुणाचाही!"

"मग माल तुमचा, अप्पासाहेब. माझ्यानंतर हातोडा मारायला तुम्हीच हात वर केलात की!"

सगळं अंगण हसलं. दुभाष्यानं सांगितल्यावर साहेबही पोट धरून हसला. त्यानं सौदा मोडला, वर पाळणा बाबांना फुकटच देऊन टाकला.

पाळणा गाडीत चढवताना हरिबा म्हणाला, "बाबा, उद्यापासनं मला रामराम नुसता तोंडानं घाला. हात आपला घोंगडीतच असू द्या."